शेकोटीने झाडे लावा म्हटलं तेव्हा

डिसेंबर लागला की मराठी शाळांच्या फळ्यांवर थंडी बोलू लागते. 'शेकोटीचे मनोगत', 'मी स्वेटर बोलतोय', 'हिवाळा नसता तर'. मुलांनी जरा गमतीत यावं, कल्पना लढवून लिहावं, म्हणून दिलेले हे विषय. एका आंतरशालेय स्पर्धेचे गठ्ठे तपासताना मी शेकोटीचं मनोगत लागोपाठ इतक्यांदा वाचलं की शेवटी शेकोटीपाशी बसून मलाच हुडहुडी भरली. प्रत्येक शेकोटी 'मुलांनो' म्हणून सुरुवात करत होती, आपले उपयोग सांगत होती, प्लॅस्टिक जाळू नका म्हणत होती आणि झाडे लावा असं बजावून विझत होती. जिचं पोट लाकडावर चालतं तिनेच झाडे लावा म्हणावं, यातली गंमत एकाही वहीत सापडली नाही.

दोष मुलांचा नाही. मनोगत हा मुळात खोडकर प्रकार आहे. वस्तूला तोंड द्यायचं म्हणजे तिला रुसू द्यायचं, चुगल्या करू द्यायच्या, धडधडीत खोटंही बोलू द्यायचं. आपण तिला तोंड दिलं आणि लगेच माइकसमोर उभं केलं. पुढचं काम गाइडांनी केलं: ओळख, उपयोग, खंत, संदेश. दहावीच्या मराठीत आत्मकथनाचा विषय मुद्द्यांसकट छापून येतो. हजारो उत्तरपत्रिका तपासायच्या असतात, तिथे तो नाइलाज एक वेळ समजू शकतो. पण तिसरीच्या मोकळ्या तासालाही बाई फळ्यावर मुद्दे लिहून देतात, तेव्हा विषयातच उत्तर भरून दिलेलं असतं. मुलाने फक्त अक्षर नीट काढायचं.

याला कंटाळलेल्या शाळा हल्ली इंटरनेटवरून वर्कशीट उतरवतात. त्यात बर्फाचा माणूस असतो, गळ्यात मफलर घातलेला पेंग्विन असतो. न पाहिलेल्या बर्फाबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांनी समुद्र पाहिलेला नसतो ती मुलंही चाचेगिरीच्या झकास गोष्टी लिहितात. तक्रार आहे ती विषय देणाऱ्याच्या आळसाबद्दल. पेंग्विनच हवा ना? मुंबईच्या राणीच्या बागेत 2016 साली दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. ही जात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरची. आता हा पक्षी काचेआड एसीच्या गारव्यात उभा आहे आणि बाहेर जानेवारीतला मुंबईकर जरा पारा उतरताच कानटोपी घालून त्याच्याकडे बघतोय. दोघांपैकी पिंजऱ्यात कोण, हे पेंग्विनने घरच्यांना पत्रातून कळवावं. मफलरवाल्या चित्रात हे कुठून येणार?

विषय देणं ही कला आहे, असं गंभीरपणे मानणारा माणूस इटलीत होऊन गेला. ज्यानी रोदारी. 1970 साली त्याला बालसाहित्यासाठी हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. मुलांना गोष्टी सुचतात कशा, यावर त्याने 1973 साली अख्खं पुस्तक लिहिलं. त्याची मुख्य युक्ती साधी होती. दोन शब्द घ्यायचे, एकमेकांशी काही नातं नसलेले. कुत्रा आणि कपाट, हे त्याचंच उदाहरण. नातं जोडताना गोष्ट आपोआप जन्मते. दुसरी युक्ती 'काय होईल जर'ची: रेज्जो एमिल्या हे अख्खं शहरच उडू लागलं तर? आमच्या 'नसता तर'पेक्षा हे एका बाबतीत वेगळं. 'हिवाळा नसता तर' म्हटलं की मूल हिवाळ्याच्या फायद्यांची यादी लिहितं. शहर उडालं की त्याला आधी ठरवावं लागतं, वरच्यावर पाणी कुठून भरायचं.

आपल्याकडे लीला पाटील यांनी 1985 साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलांच्या स्वतःच्या अनुभवातून शिक्षण उभं करण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी भोपाळहून 'चकमक' हे हिंदी मासिक निघालं आणि त्याने मुलांच्या लेखनाला हक्काची पानं दिली. म्हणजे वाट माहीत नव्हती असं नाही. शिक्षक-प्रशिक्षणात मात्र तपासायचं कसं हे शिकवतात, विषय द्यायचा कसा यावर कोणी तासभरही बोलत नाही.

खरं तर मराठी हिवाळा विषयांनी नुसता खच्चून भरलेला आहे. खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली थिजू लागतं. म्हणजे बर्फ न पडणाऱ्या घरातही न्हाणीघरातल्या बाटलीत रोज सकाळी एक छोटा हिमालय तयार होतो आणि आई तो गरम पाण्यात बुडवते. त्यात रात्री कोण राहायला आलं होतं? संक्रांतीच्या हलव्याला काटे कसे येतात हे ज्या घरात तीळ परातीत हलवत, चमचा चमचा पाक सोडत बसतात तिथल्या मुलाला विचारा. मग विचारा, एका दाण्याने काटे काढायला नकार दिला तर? निफाडकडे कडाक्याच्या रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, घडांना गारठा लागू नये म्हणून. तिथलं मनोगत शेकोटीचं नको, द्राक्षाचं हवं. नागपुरात हिवाळी अधिवेशन भरतं. एखादं संत्रं प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसलं तर? आणि रोदारीच्या चालीवर एक जोडी: गोधडी आणि एसटी.

यात एक मेख आहे. हिवाळा सगळ्यांचा सारखा नसतो. 'गुलाबी थंडी' हा शब्द खिडकी लावून घेता येणाऱ्यांचा आहे. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल तेच महिने फडाजवळच्या कोपीत काढतं. त्याला 'हिवाळ्यातील रम्य सकाळ' द्यायची म्हणजे त्याला परकं करायचं. पण म्हणून त्याला दुःखाचाच विषय द्यावा, हाही आपला दयाळू उद्धटपणाच. त्यालाही गंमत हवी असते.

अशी मुलं असलेल्या एका वर्गात मी मनोगत वगळून नुसता एक प्रश्न टाकला होता: शेकोटी विझल्यावर सगळ्यांत आधी कोणाला कळतं? आजी, कुत्रं, बाप, अशी उत्तरं आली. मागच्या बाकावरच्या मुलीने चारच ओळी लिहिल्या होत्या. बैलाला कळतं, कारण तो उभ्याने झोपेचं सोंग घेतो. पण तो सांगत नाही, कारण सांगितलं की लोक उठणार आणि गाडी जुंपणार.