बैल पळतो का, हा प्रश्नच चुकलाय

पुण्याहून नाशिककडे निघालात की राजगुरुनगर मागे पडतं आणि मंचरच्या अलीकडे पेठ लागतं. या भागात 'घाट' म्हटलं की दोन अर्थ निघतात. एक रस्त्याचा घाट, दुसरा बैलगाड्याचा. जत्रेच्या दिवसांत कुणी 'घाटात चाललोय' म्हणालं, तर तो दुसराच घाट समजायचा. तिथल्या एखाद्या गाडामालकाला विचारून बघा, 'बैल पळतो का हो?' तो तुमच्याकडे नुसता बघत राहील.

पण नेमका हाच प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे कितीतरी वर्षं होता. प्राण्यांवर संशोधन करायचं ठरवत असाल, किंवा कुठल्याही विषयात करायचं असेल, तरी हे प्रकरण एकदा नीट वाचा. प्रश्न चुकला की चांगला पुरावासुद्धा कसा वाया जातो, ते यात दिसतं.

आधी घटनाक्रम. 11 जुलै 2011 रोजी केंद्राने अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यात जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून नियम केले, पण उच्च न्यायालयात ते अडकले. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त वाट मोकळी केली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले.

2014 च्या निकालात बैलाच्या शरीररचनेचा युक्तिवाद आहे. मोठं पोट, पिंपासारखं धड, सांधे कमी वाकणारे. म्हणून बैल घोड्यासारखा पळण्यासाठी बनलेला नाही. गंमत अशी, की आपल्याकडच्या घाटात गाड्यापुढे घोडीच पळते आणि बैल तिच्यामागे! पुढे राज्य सरकारने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर समितीकडून अहवाल करून घेतला आणि न्यायालयापुढे ठेवला. उत्तर आलं, की बैल पळू शकतो.

आता परीक्षकाच्या खुर्चीत बसा. दोन्ही बाजूंचं काय चुकलं?

पहिली गोष्ट. 'क्षमता आहे का' आणि 'इजा होते का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माणूस बेचाळीस किलोमीटर पळू शकतो, त्यावरून मॅरेथॉनमध्ये कुणी कोसळत नाही असं ठरत नाही. तसंच एखादा प्राणी घोड्याइतका चपळ नाही, यावरून त्याला पळताना त्रास होतोच असंही सिद्ध होत नाही. एका बाजूने शरीररचनेवरून थेट क्रौर्यावर उडी मारली. दुसऱ्या बाजूने क्षमतेवरून थेट सुरक्षिततेवर. मधला पूल, म्हणजे प्रत्यक्ष पळालेल्या बैलाचं पुढे काय झालं, तो कुणी बांधलाच नाही.

दुसरी गोष्ट. 'बैलगाडा शर्यत' हा एकच प्रकार धरला गेला. जुन्नर-आंबेगावच्या घाटात गाड्याला चार बैल जुंपतात, एकेका गाड्याची बारी होते आणि सेकंद मोजतात. सातारा-सांगलीकडे दोन बैलांची छकडी असते, अनेक छकड्या एकत्र सुटतात आणि गट, सेमी, फायनल अशा फेऱ्यांत तोच बैल एका दिवसात पुन्हा पुन्हा पळतो. राज्याच्या नियमांत हजार मीटरची कमाल मर्यादा आहे आणि एका बैलाला दिवसात तीनपेक्षा जास्त शर्यती नाहीत. नियम म्हणून ठीक आहे. पण संशोधक म्हणून तुम्ही या दोन्हींची सरासरी काढलीत, तर ती सरासरी कुठल्याच बैलाची नसेल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शर्यतीआधी पशुवैद्यकाकडून तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र घेतात. गरज आहेच त्याची. पण प्रमाणपत्र म्हणजे एकच मोजमाप, तेही घटनेच्या आधीचं. परीक्षेला बसण्याआधीचं हॉलतिकीट दाखवून कुणी निकाल सांगत नाही.

मग करायचं कसं? त्यासाठी जरा लांब, अलास्कात जाऊ. तिथे 1973 पासून इडिटारॉड नावाची कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत होते, अँकरेजहून नोमपर्यंत, साधारण सोळाशे किलोमीटर बर्फातून. आपली बारी सेकंदांत संपते, त्यांची शर्यत आठ-दहा दिवस चालते. त्यामुळे त्यांचे आकडे आपल्याला लागू नाहीत. पद्धत मात्र बघण्यासारखी आहे. शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याचा ईसीजी आणि रक्ततपासणी होते. वाटेत ठरावीक ठाण्यांवर पशुवैद्यक असतात. ते हृदय, शरीरातलं पाणी, भूक आणि उत्साह, वजन, फुप्फुसं अशा ठरलेल्या क्रमाने कुत्री तपासतात. गाडीवानाला एक वही सोबत बाळगावी लागते, तीत या तपासणीच्या नोंदी होतात. कुत्रं मेलं तर शवविच्छेदन होतं.

अशी शिस्त असली की अनपेक्षित गोष्टी सापडतात. संशोधकांनी शर्यतीत धावलेल्या कुत्र्यांच्या जठरात दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा जवळपास निम्म्यांच्या जठराला इजा झालेली दिसली. अशी इजा बहुतेक वेळा बाहेरून कळत नाही. कुत्रं शेपूट हलवत उभं असतं. पुढे ओमेप्राझोल, म्हणजे आपण ॲसिडिटीवर घेतो तीच गोळी, देऊन तुलनात्मक चाचण्या झाल्या आणि इजा कमी होते असं दिसलं. 'कुत्रं पळू शकतं का' एवढंच विचारत बसले असते, तर हे कधी सापडलंच नसतं.

इडिटारॉडला डोक्यावर घेऊ नका. तिथेही कुत्री मरतात. 2024 च्या शर्यतीत तीन मेली. पशुवैद्यकांची व्यवस्था आयोजकच करतात, त्यावर टीका होते आणि ती रास्त आहे. पण तीन हा आकडा तुम्ही-आम्ही इथे बसून सांगू शकतो. शर्यतीच्या विरोधकालाही तो वापरता येतो, समर्थकालाही नाकारता येत नाही. नोंद असणं म्हणजे हे.

अजून एक फरक लक्षात घ्या. तिथे दमलेलं कुत्रं ठाण्यावर पशुवैद्यकाच्या हवाली करून उरलेल्या कुत्र्यांसह पुढे जाता येतं. आपल्या घाटात चारातला एक बैल लंगडला, तर ऐनवेळी अख्खी बारी जाते. म्हणजे दुखणं लपवण्याचा मोह आपल्या रचनेतच आहे. मालक वाईट असतो असं नाही. पोटच्या पोरासारखं बैलाला जपणारी घरं या पट्ट्यात खूप आहेत. पण तुमचा विदा या मोहातून गाळून येणार, हे धरूनच आराखडा करा.

समजा, पेठच्या आसपासच्या एखाद्या जत्रेत तुम्हाला हे काम करायचंय. बैल टेम्पोतून उतरल्यावर एकदा, बारीआधी एकदा, बारीनंतर लगेच, अर्ध्या तासाने आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन, असं त्याच बैलाला पाच वेळा बघा. तापमान घ्या, विश्रांतीत मोठ्या जनावराचं साधारण 38.5 अंश सेल्सिअस असतं. कुशीची हालचाल बघून श्वास मोजा, त्याला घड्याळापलीकडे काही लागत नाही. लंगडणं, खुरं, अंगावरचे वळ लिहा. शक्य असेल तर रक्तातलं लॅक्टेट.

आता तुलना कुणाशी? बहुतेक जण 'घरच्या बैलाशी' म्हणतील. चूक. चैत्र-वैशाखाचं ऊन, टेम्पोचा प्रवास आणि गर्दीचा गोंगाट, हे सगळं पळण्यापासून वेगळं काढायचं तर घाटात आणलेला, पण न पळालेला बैल हवा. कदाचित असं निघेल, की त्या काही सेकंदांपेक्षा आधीचे चार तास उन्हात उभं राहणंच जास्त जड जातं. तसं निघालं तर उपाय सावली आणि पाणी आहे, आणि तो उद्याच करता येतो. उलटही निघू शकतं. ते स्वीकारायची तयारी नसेल, तर हा विषय घेऊच नका.

आणि घाटात न आलेले बैल विसरू नका. मागच्या बारीत दुखावला म्हणून घरी बांधून ठेवलेला बैल तुमच्या नमुन्यात येणारच नाही. फक्त घाटात मोजलंत तर सगळे बैल ठणठणीतच दिसतील. गोठ्यात जावं लागेल, चहा प्यावा लागेल, 'तुम्ही बंदी आणायला आलात का?' याला खरं उत्तर द्यावं लागेल. खरं उत्तर एवढंच: माहीत नाही, जे दिसेल ते लिहीन, आणि तुमच्या बैलाची नोंद आधी तुम्हाला दाखवीन.

2023 चा निकाल आला म्हणून विषय संपलेला नाही. उद्या पुन्हा प्रश्न निघाला, तर न्यायालयापुढे पुन्हा शरीररचनेची पुस्तकं उघडायची की बैलांच्या वह्या, हे आज कोण काय मोजतंय त्यावर ठरेल. तुमच्या विषयात कदाचित बैल नसेल. तरी आपल्या प्रस्तावाचा पहिला प्रश्न काढून बघा. तो 'शक्य आहे का' असा आहे, की 'पुढे काय होतं' असा?