मजूर पक्ष आणि ‘स्वयंनिर्णय’

इंग्लंडातील मजूर पक्ष हिंदुस्थानचा कैवारी होता, ही समजूत मराठी वाचकांत दीर्घकाळ रूढ आहे. ती सर्वस्वी निराधार नाही. चिरोल खटल्यासाठी १९१८ च्या अखेरीस लंडनला गेलेल्या लोकमान्यांनी मजूर पुढाऱ्यांशी स्नेह जोडला. १९१९ मध्ये शांतता परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांस त्यांनी लिहिलेल्या पत्राचा विषयही हिंदुस्थानचा स्वयंनिर्णय हाच होता. या सामासिक शब्दात निर्णय कोणी घ्यावयाचा हे उघड आहे. केव्हा, हे मात्र अध्याहृत राहते. मजूर पक्षाची सारी पळवाट या अध्याहृतातच आहे. विरोधी बाकांवर ‘लवकरच’, सत्तेवर ‘यथाकाल’! १९२७ च्या सायमन मंडळात एकही हिंदी सभासद नव्हता. मजूर पक्षाचे अॅटली मात्र होते. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर प्रभृतींची धरपकड झाली ती हुजूर पक्षाच्या अमदानीत. परंतु जूनमध्ये अधिकारावर आलेल्या मॅक्डोनल्ड सरकारने खटला चालूच ठेवला. त्याच आरोपींच्या पिंजऱ्यात स्प्रॅट, ब्रॅडले व हचिन्सन हे तीन इंग्रजही उभे होते. ‘इंग्रज डावे’ असा एकच वर्ग कल्पिणाऱ्यास अॅटली आणि हे तिघे एका पंक्तीस बसवावे लागतात.