१८३ बिघाड, पण कशातले?

जुलै २०२५ मध्ये संसदेत एका प्रश्नाला उत्तर म्हणून आकडे आले. त्या वर्षी २१ जुलैपर्यंत विमान कंपन्यांनी डीजीसीएला कळवलेले तांत्रिक बिघाड १८३. एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस मिळून ८५, इंडिगो ६२, अकासा २८, स्पाइसजेट ८. बातम्यांनी लगेच क्रमवारी लावली. माझ्या पहिल्या प्रपोजलमध्येही हाच तक्ता होता. गाईडनी एवढंच विचारलं, "भागलं कशाने?"

इंडिगोकडे चारशेच्या आसपास विमानं, अकासाकडे तीसेक. दर विमानामागे आकडा काढला की अकासा इंडिगोच्या बरीच वर जाते. छेद घातला, झालं काम, असं मला वाटलं. इथेच मी चुकलो.

शिरूरचा माझा एक मित्र रांजणगाव एमआयडीसीत क्वालिटीला आहे. तो म्हणाला, "अरे, ज्या शिफ्टचं रिजेक्शन रजिस्टर कोरं, तिथे मी आधी जाऊन बघतो." बरोबर आहे. कोऱ्या रजिस्टरचा अर्थ काम चोख, किंवा लिहायला कुणी धजत नाही. तक्त्यातला २८ देखभालीबद्दल बोलतो की लिहिण्याच्या सवयीबद्दल, हे नुसत्या बेरजेतून कळणारच नाही.

अमेरिकेत ठरावीक बिघाड ९६ तासांत एफएएला कळवावे लागतात, आणि त्या नोंदी कुणालाही शोधता येतात: विमान कोणतं, भाग कोणता, मेकॅनिकला काय दिसलं. दौंडला घरी बसून मी त्या वाचतो. आपल्या तक्त्यात फक्त बेरीज. शेजारच्या बारामती तालुक्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं कोसळली. तसल्या विमानांना तर या तक्त्यात जागाच नाही.

शिवाय नोंद कुठवर पोचली हेही बघावं लागतं. डीसी-१० च्या सामानकक्षाचं दार नीट लागत नाही, अशा तक्रारी उत्पादकाकडे आधीपासून होत्या. जून १९७२ मध्ये विंडसरवर ते दार हवेतच उडालं. विमान कसंबसं उतरलं. एफएएने सक्तीचा आदेश काढला नाही, उत्पादकाशी तोंडी समझोता केला. ३ मार्च १९७४ ला पॅरिसजवळ तेच झालं, ३४६ माणसं गेली. नोंदी मोजणाऱ्याला १९७२ साली काय दिसलं असतं? फार काही नाही.

प्रपोजलमधून मी 'बिघाडाचं प्रमाण' खोडून 'कळवलेले बिघाड' केलंय. गाईडची सही अजून व्हायची आहे.