वर्तन कमी करणे की बंद पाडणे? : डाइट्झ आणि रेप यांच्या प्रयोगांची समीक्षा

वर्गातील प्रत्येक नकोसे वर्तन मुळात वाईट नसते. पुष्कळदा त्याचे प्रमाण तेवढे जास्त असते. दर दोन मिनिटांनी शंका विचारणारा विद्यार्थी हे याचे परिचित उदाहरण. अशा वेळी शिक्षेऐवजी ‘अल्पप्रमाण वर्तनाचे विभेदक प्रबलन’ ही पद्धती सुचवली जाते. वर्तन ठरलेल्या मर्यादेत राहिले तर बक्षीस, मर्यादा ओलांडली तर नाही, हे तिचे सूत्र. सॅम्युएल डाइट्झ आणि अ‍ॅलन रेप यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तीन प्रयोगांत ती प्रत्यक्ष वर्गात वापरली.

पहिल्या प्रयोगातील बौद्धिक अक्षमता असलेला ११ वर्षांचा मुलगा ५० मिनिटांच्या सत्रात सरासरी ५.७ वेळा मध्येच बोलत असे. ३ किंवा त्याहून कमी वेळा बोलल्यास दिवसअखेर ५ मिनिटे खेळायला मिळतील, असे ठरले आणि सरासरी ०.९३ वर आली. तिसऱ्या प्रयोगात १५ विद्यार्थिनींच्या विषयबाह्य गप्पांची मर्यादा टप्प्याटप्प्याने शून्यावर आणली गेली. बक्षीस होते शुक्रवारचा मोकळा तास.

सोपी नोंद, बिनखर्चाचे बक्षीस आणि शिक्षेचा अभाव हे या अभ्यासाचे गुण निर्विवाद आहेत. तथापि, ३ वेळा बोलण्याची मुभा असताना मुलगा सरासरी एकदाही बोलला नाही, याचा विचार झाला पाहिजे. संपूर्ण सत्राची मोजणी करणाऱ्या या प्रकारात बक्षीस मिळवण्यासाठी बोलण्याची गरजच उरत नाही. जेसेल आणि बोरेरो यांच्या २०१४ मधील प्रयोगशाळेतील तुलनेतही हा प्रकार वर्तन थांबण्याकडे झुकला. दोन कृतींमध्ये ठरावीक अंतर मागणाऱ्या प्रकारात मात्र ते अल्प प्रमाणात टिकले, कारण तेथे बक्षीस अंतर राखून केलेल्या कृतीलाच मिळते.

गप्पा थांबल्या तर हानी नाही. शंका थांबल्या तर अध्यापनाचा हेतूच हरपतो. वर्तन-उपचारातून मुलांना केवळ शांत आणि आज्ञाधारक बनवले जाते, हा विनेट आणि विंकलर यांचा १९७२ मधील आक्षेप येथे लागू पडतो. म्हणून अध्यापकाने आधी ठरवावे : हे वर्तन बंद हवे की बेताचे? बेताचे हवे असल्यास अंतर राखून विचारलेल्या शंकेला तत्काळ, मनापासून उत्तर द्यावे. तेथे उत्तर हेच बक्षीस ठरते आणि विद्यार्थी विचारणे सोडत नाही.