मुक्ताचा निबंध आणि उष्टा तुकडा

मुक्ता साळवेचं नाव आता आपल्या सगळ्या भाषणांत येतं. पहिली दलित लेखिका, जोतीबांच्या शाळेतली मुलगी, टाळ्या. झालं. निबंध किती जणांनी वाचलाय म्हणून सभेत विचारा, हात मोजायला एक पंजा पुरेल. ज्यांनी वाचलाय तेही तो पेशवाईविरुद्धचा पुरावा म्हणून वाचतात. पुरावा तो आहेच. पण त्याआधी तो एका शाळकरी पोरीनं लिहिलेला निबंध आहे. ही साधी गोष्ट समीक्षक विसरतात. त्यांचं सोडा, ते पगारी आहेत. आपण कार्यकर्तेही विसरतो.

1855 साली 'ज्ञानोदया'त दोन अंकांतून तो छापून आला. विषय मांग-महारांचं दुःख. लिहिणारी मांगाची, चौदा वर्षांची म्हणतात. आता शाळेतला निबंध म्हणजे काय ते तुम्हीआम्ही भोगलंय. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'माझा आवडता प्राणी', 'मी मुख्यमंत्री झालो तर'. गाईडातून उतरवायचं, मध्ये एक सुविचार कोंबायचा, दहापैकी सहा. पावसात खोलीत गटार शिरलं असं लिहिलं की लाल पेनानं गोल, बाजूला शेरा : विषयांतर. मुक्ताच्या निबंधातही पाऊस येतो. तो बाळंतिणीच्या अंगावर येतो, कारण घराला छप्पर नाही. तिच्या मास्तरांनी हे विषयांतर मानलं नाही. जोतीबा-सावित्रीमाईंच्या शाळेचं मोठेपण मी तरी इथं मोजतो. बाराखडी मिशनऱ्यांच्या शाळांतही शिकवत होते. पण बाराखडी हातात आल्याबरोबर पोरीनं पहिला जाब देवाला विचारला : वेद जर बामणांचे, तर आमचा धर्म कुठला, आमचं पुस्तक कुठलं? असला जाब लिहू देणारी शाळा आज तालुक्यात शोधून दाखवा.

कुणी म्हणेल, एवढ्या लहान पोरीनं हे लिहिलं कशावरून? मास्तरांनी सांगितलं असेल. बामणाच्या पोरानं त्या वयात श्लोक रचला की तो प्रतिभावंत. आमच्या पोरीनं बाळंतिणीचे हाल लिहिले की तिच्यामागं मास्तर. असल्या शंकांना उत्तर देत बसू नका.

निबंधातली मला सगळ्यात टोचलेली जागा मात्र वेगळीच आहे, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. तालीमखान्यासमोरून गेलेल्या अस्पृश्याच्या मुंडक्याचा चेंडू, इमारतीच्या पायात जिवंत पुरलेली माणसं, हे सगळं भाषणात येतं, अंगावर काटा येतो, खपतंही. मुक्ता याशिवाय एक बारीक गोष्ट सांगते. बामणांची पोरं दगड मारतात, मांगाच्या पोराचं रक्त निघतं, तरी घरचे लोक सरकारात तक्रार करत नाहीत. का? तर उष्टं मागायला उद्या त्याच दारात जायचंय.

दोस्तहो, इथं थांबून वाचा. जुलूम झाला एवढंच ती सांगत नाही. जुलूम झालेला माणूस तोंड का उघडत नाही ते सांगते. भाकरी ज्याच्या हातात, त्याच्यासमोर जीभ टाळ्याला चिकटते. चौदा वर्षांच्या पोरीला हे कळलं होतं. शाळाशाळांत तक्रारपेटी टांगणाऱ्या शहाण्यांना अजून कळत नाही. पेटीची किल्ली कोणाकडं? मुख्याध्यापकांकडं!

आता 1855 वरून थेट दिल्लीला चला. एम्स, देशातलं सगळ्यात नावाजलेलं डॉक्टरी शिक्षण. तिथल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारींवर सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, 2007 ला अहवाल आला. समितीनं साधं काम केलं, पोरांनाच विचारलं. आणि पोरं बोलली : वसतिगृहात वेगळं पडणं, मास्तरांचं तुटक वागणं, प्रॅक्टिकलला आणि तोंडी परीक्षेला हात आखडणं. तोंडी परीक्षेत मास्तर आणि पोरगा समोरासमोर, मार्क मास्तरच्या पेनात. उष्ट्या तुकड्याची जागा मार्कांनी घेतली, दार तेच. म्हणून त्या पोरांची तक्रार ऐकायला बाहेरची समिती यावी लागली. कॉलेजातल्या कॉलेजात हे निघालं नसतं.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 21 वं कलम बघा. शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. चांगलं आहे, भांडून घ्यावं असं आहे. पण ज्याच्या पाठीवर छडी बसते त्या पोराचं नाव त्या कलमात नाही.

मुक्ताचा निबंध सगळा सारखा जोरकस नाही. इंग्रज सरकारचे तिनं मानलेले आभार आज घशाखाली उतरत नाहीत. पेशवाई जाऊन तेव्हा 37 वर्षंच झाली होती, म्हणून समजून घेऊ. शेवटाकडं ती आपल्या लोकांना ज्ञानाचं औषध घ्यायला सांगते, तिथं तिचा आवाज मास्तरांसारखा होतो. दगडाची हकिगत सांगतानाचा आवाज तिचा स्वतःचा आहे.

आणि आपण काय करतो? जयंतीला वक्तृत्व स्पर्धा. भाषण कुणीतरी मोठ्यानं लिहिलेलं, पोरगं घोकून म्हणतं, विसरलं की खालून आई सांगते. बक्षीस कंपासपेटी. येत्या 11 एप्रिलला हे बंद करून बघा. विहारात पोरांना कोरे कागद द्या आणि शाळेत तुला काय बोलता येत नाही एवढंच लिहायला सांगा. नाव घालू नका म्हणावं. कागद मास्तरांना दाखवू नका, अध्यक्षांनाही नको. चारपाच पोरी वाचायला बसवा, आणि काय निघतं ते पुढच्या अंकाला पाठवा.