सर्व जाणणाऱ्याला सांगायचे काय?

परमेश्वर सर्वज्ञ आहे, हा ख्रिस्ती श्रद्धेचा एक मूलभूत सिद्धांत. तत्त्ववेत्त्यांनी त्यावर बहुधा एकाच प्रश्नाचा काथ्याकूट केला : उद्या मी काय करणार हे त्याला आजच ठाऊक असेल, तर माझ्या करण्याला अर्थ काय? तो वाद मी त्यांच्याकडेच ठेवतो. साहित्याच्या वाचकाला निराळा, आणि मला वाटते अधिक नाजूक, प्रश्न पडतो. ज्याला सारे ठाऊकच आहे, त्याच्याशी बोलायचे कसे?

संत ऑगस्टीनने इसवी सन ३९७ च्या सुमारास ‘कन्फेशन्स’ लिहायला घेतले, तेव्हा तो उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप होता. तेरा भागांचे हे पुस्तक देवाला ‘तू’ म्हणत लिहिलेले आहे. तुला माहीत असलेल्या गोष्टी मी तुलाच ओळीने का सांगत बसलो आहे, असे तो अकराव्या भागाच्या आरंभी स्वतःच विचारतो. माहिती देण्यासाठी नव्हे, तर आपले आणि वाचणाऱ्यांचे प्रेम जागे व्हावे म्हणून, हे त्याचे उत्तर. ते भक्ताचे झाले. त्या श्रोत्याने त्याच्या गद्याचे काय केले, ते आपण पाहायचे.

दुसऱ्या भागातील नासपतींची चोरी घ्या. सोळा वर्षांचा ऑगस्टीन टोळक्याबरोबर रात्री एक झाड ओरबाडतो. फळे ना देखणी, ना चवीची. बहुतेक डुकरांपुढे जातात. एवढ्याशा गोष्टीवर तो पानेच्या पाने खर्ची घालतो. हा अतिरेक आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला तसे वाटत नाही. ऐकणाऱ्याला घटना ठाऊकच असली, की सांगणाऱ्यापाशी फक्त ‘का?’ उरते. तिथे सबब चालत नाही. म्हणून तो एकेक कारण उचलतो, पारखतो, टाकून देतो. एकटा असतो तर हे केले नसते, एवढेच काय ते त्याच्या हाती लागते.

याच्या शेजारी रूसो ठेवावा. मृत्यूनंतर, १७८२ पासून, प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मचरित्राचे नावही तेच. तोही आरंभी ईश्वराला हाक मारतो. पण माझे ऐकायला माणसे गोळा कर, एवढ्यासाठी! सर्वज्ञ आता लेखकाच्या बाजूचा साक्षीदार झाला. फीत स्वतः चोरून आळ मोलकरणीवर घातल्याची हकीकत रूसो जीव पिळवटून सांगतो, हे खरे. पण तिच्याविषयीच्या लोभामुळेच तिचे नाव ओठांवर आले, ही सबब मागोमाग येतेच.

मात्र ऑगस्टीनच्या पुस्तकातली एक गोष्ट मला दर वाचनात खुपते. विवाहावाचून जिच्याबरोबर त्याने कित्येक वर्षे संसार केला, जी त्याच्या मुलाची आई, तिला त्याचे लग्न अन्यत्र ठरताच मिलानहून आफ्रिकेला परतावे लागले. आपले काळीज रक्तबंबाळ झाले, असे तो लिहितो. मुलाचे नाव पुस्तकात आहे : आदेओदातुस. स्वतःच्या आईचे, मोनिकाचे, नाव एकदाच, नवव्या भागाच्या शेवटी येते, ते वाचकांनी प्रार्थनेत तिची आठवण ठेवावी म्हणून. म्हणजे देवाला नको असले तरी वाचकाला नाव लागते, हे त्याला कळत होते. या बाईचे नाव कुठेच नाही. जाताना, दुसऱ्या पुरुषाकडे वळणार नाही, अशी शपथ तिने त्याच देवापाशी घेतली होती. ती शपथ ऑगस्टीनने नोंदवली आहे.