सतरा आणि सोळा

कमोडोर ६४ हा घरगुती संगणक १९८२ साली बाजारात आला. त्याचा आवाज सांभाळायला बॉब यानेस यांनी रचलेली 'सिड' ही स्वतंत्र चिप होती. प्रोसेसरला ती दिसते ५४२७२ ते ५४३०० या २९ पत्त्यांवर. प्रत्येक पत्त्यावर आठ बिटांचं एक रजिस्टर. त्यातलं ५४२७६ सावकाश वाचण्यासारखं आहे.

वारंवारता आणि व्हॉल्यूम आधी भरून ठेवलेत असं धरू. आता ५४२७६ मध्ये १७ लिहा, म्हणजे ०००१०००१. डावीकडचे चार बिट लहरीचा आकार निवडतात: त्रिकोणी, करवती, चौकोनी किंवा निव्वळ खरखर. इथे त्रिकोणी निवडली आहे. बासरीच्या अंगाने जाणारा मऊ सूर. अगदी उजवीकडचा बिट म्हणजे 'गेट'. तो १ झाला की सूर चढू लागतो. मग १६ लिहा: ०००१००००. बदलला एकच बिट, पण सूर तिथल्या तिथे तुटत नाही. ओसरू लागतो.

खरी खुमारी इथे आहे. शून्य म्हणजे बंद, असं आपण धरून चालतो. इथल्या शून्याचा अर्थ आहे 'आता सोड'. सोडायचं किती सावकाश, ते जवळचंच ५४२७८ ठरवतं. तिथे २४० असेल तर सूर ६ मिलिसेकंदांत संपतो, २५५ असेल तर २४ सेकंद रेंगाळतो. प्रोसेसरने फक्त १७ आणि १६ लिहायचे. मधला चढउतार चिप स्वतःच सांभाळते, आणि सेकंदाला जेमतेम दहा लाख चक्रं फिरणारा प्रोसेसर पडद्यावरचा खेळ चालवायला मोकळा राहतो.

रचनेला कडक शिस्तही आहे. पहिल्या २५ रजिस्टरांत लिहिता येतं, वाचता येत नाही. काय लिहिलं ते प्रोग्रामनेच लक्षात ठेवायचं.

५४२९६ मधले उजवे चार बिट व्हॉल्यूमच्या सोळा पायऱ्या. सुरुवातीच्या ६५८१ चिपमध्ये पायरी बदलली की बारीकसा 'टक्' यायचा. प्रोग्रामरांनी सेकंदाला हजारो वेळा पायऱ्या बदलल्या आणि त्या टकटकीतून ढोल वाजवले, माणसाचं बोलणंही काढलं. पुढच्या ८५८० मध्ये हा दोष काढला गेला, तसे हे आवाज अगदी क्षीण झाले. तेच चार बिट सावकाश बदलले तर व्हॉल्यूम, झपाट्याने बदलले तर वाणी. आकडा काय लिहिला याइतकंच तो केव्हा लिहिला यालाही सिडमध्ये मोल आहे. संगीतात ते असायचंच.